तीन क्लबांची घसरगुंडी

घसरगुंडीला तीन भाग असतात, असं सभेत कुणीतरी म्हणालं, त्याच क्षणी चिटणीसबाईंनी पर्स उचलून घरचा रस्ता धरायला हवा होता. एक चढायची शिडी, एक घसरायचा पत्रा आणि खाली पडायला वाळूचा खड्डा. भाग तीन आणि सभेत क्लबही तीन! असा मेळ बसला की माणसांना वाटायला लागतं, हे वरूनच कुणीतरी ठरवून पाठवलंय. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यात चिटणीसबाईंच्याही टाळ्या होत्या आणि त्या इतरांपेक्षा अंमळ जोरातच होत्या, हे त्यांच्या यजमानांनी त्यांना पुढे आयुष्यभर ऐकवलं.

खरं तर गोष्ट केवढीशी. चिटणीसबाईंच्या स्वयंपाकघराची खिडकी प्राथमिक शाळेच्या मैदानावर उघडायची. मैदान म्हणजे एक नळ, एक खांब आणि बाकी धूळ. मुलांना खेळायला म्हणून होता तो फक्त व्हरांड्याच्या पायऱ्यांचा कठडा. त्या कठड्यावरून सगळी शाळा घसरायची आणि सगळ्या शाळेच्या चड्ड्या आणि फ्रॉक अगदी एकाच जागी फाटलेले असायचे. एकदा मधल्या सुट्टीत चौथीची मॉनिटर कठड्यावरून सुटली ती थेट नळाखाली जाऊन आदळली. उठली, फ्रॉक झटकला आणि पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली. चिटणीसबाई दूध तापवत खिडकीशी उभ्या होत्या. त्यांच्या काळजात चर्र झालं.

"अगं ए, हाडं मोडून घेशील! थांबा जरा, मी आणून देते तुम्हाला खरी घसरगुंडी!"

मोठी माणसं लहान मुलांना असं काहीबाही म्हणतच असतात. विमान आणीन म्हणतात, हत्ती आणीन म्हणतात. मुलंही समजूतदार असतात, सोडून देतात. पण ही मुलगी त्यातली नव्हती. दोन घट्ट वेण्या, कमरेवर हात, आणि आवाज असा की मोठ्या बाईंनाही आपलं काहीतरी चुकलंय असं वाटावं.

"कधी?" तिनं खालून विचारलं.

"लवकरच."

"आम्ही पाचवीला मोठ्या शाळेत जायच्या आत?"

"त्याच्या कितीतरी आत!"

पुलापलीकडच्या मोठ्या शाळेत नुसती कवायत असते आणि तिथे कुणी घसरताना दिसलं तर मोठ्या वर्गातले हसतात, ही माहिती मॉनिटरनं तिथल्या तिथे पुरवली. म्हणजे घसरायचं वय जे काय उरलं होतं, ते एवढंच. चिटणीसबाईंना गलबलून आलं. तेवढ्यात दूधही उतू गेलं.

त्या दिवसापासून रोज मधल्या सुट्टीत खिडकीखाली आरोळी उठायला लागली, "चिटणीसकाकूऽऽ, आली का?" गल्लीतल्या लोकांना वाटे, काकूंकडे कुणी पाहुणी यायची आहे. वरच्या मजल्यावरच्या वहिनी तर तिच्यासाठी जास्तीची गादी घेऊन खाली आल्या होत्या.

चिटणीसबाई या 'गुरुवारवाल्या'. गुरुवारी दुपारी जमणाऱ्या बायकांचा हा क्लब. आजाऱ्याच्या घरी डबा पोचव, शाळेला खडू दे, दवाखान्याला पडदे शिवून दे, अशी कामं त्या करत. घसरगुंडी त्यांच्या आवाक्याबाहेरची. तेव्हा चिटणीसबाईंनी शेजारच्या दोन गावांतल्या क्लबांना साकडं घातलं. पुलापलीकडच्या गावात 'घंटावाले' होते. त्यांच्यात घंटा वाजल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही, असा दंडक होता. जंक्शनच्या गावात 'जाकीटवाले' होते. हे सेवा करताना पिवळी जाकिटं घालत, उन्हाळ्यातसुद्धा, आणि घामाच्या धारा लागल्या तरी काढत नसत, कारण जाकीट काढलं की सेवा संपली असा त्यांचा नियम.

या तिघांची संयुक्त सभा वाचनालयाच्या हॉलमध्ये भरली. भरली आणि बराच वेळ गप्प बसून राहिली, कारण घंटावाल्यांची घंटा घरी राहिली होती. त्यांचे अध्यक्ष, म्हणजे पुलापलीकडचे औषधांचे दुकानदार, स्वतः स्कूटरवरून ती आणायला गेले. तोवर घंटावाले ओठ मिटून छताकडे बघत होते. जाकीटवाल्यांचे अध्यक्ष लाकडाच्या वखारीचे मालक. दांडगा माणूस. ते त्यांच्याशी बोलायला जात आणि उत्तर न आल्यामुळे अपमान करून घेऊन परत येत. कामाला सुरुवात व्हायच्या आधीच दोन क्लबांत बिनसायला लागलं होतं, ते असं.

म्हणूनच चिटणीसबाईंनी घाईघाईनं ठराव मांडला की सगळं काम तिघांत अगदी सारखं वाटून घ्यायचं. मान सारखा, मेहनत सारखी. तेवढ्यात ते तीन भागांचं वाक्य कुणीतरी बोललं आणि टाळ्या झाल्या. शिडी घंटावाल्यांची, पत्रा जाकीटवाल्यांचा, वाळूचा खड्डा आणि नावांची पाटी गुरुवारवाल्यांची.

"आणि घसरायचं कुणी?" रात्री जेवताना यजमानांनी विचारलं. "तेही वाटून घेतलंत का?"

"तुम्हाला प्रत्येक गोष्टीत थट्टाच सुचते."

"थट्टा कसली. पाटीवर तुझं नाव येणार ना?"

चिटणीसबाई भाजी वाढता वाढता थबकल्या. हे यांना कसं कळलं? त्यांनी तर कुणाकडे चकार शब्द काढला नव्हता. पण खरं होतं. दारावरच्या पाटीवर यजमानांचं नाव होतं, विजेच्या बिलावर सासऱ्यांचं होतं, आणि सासरे जाऊन जमाना लोटला होता. गल्ली त्यांना चिटणीसबाई म्हणायची, मुलं चिटणीसकाकू म्हणायची, यजमान 'अगं' म्हणायचे. आपलं खरं, पूर्ण नाव रंगानं ठसठशीत लिहिलेलं कुठेतरी एकदा बघावं, एवढी एकच हौस त्यांनी मनाच्या कोपऱ्यात जपून ठेवली होती.

"नावाचं काय एवढं," त्या म्हणाल्या आणि यजमानांच्या पानात मीठ दुसऱ्यांदा वाढलं.

पुढे गावभर सल्ल्यांचा पाऊस पडला. वहिनी म्हणाल्या, पत्रा उत्तरेकडे तोंड करून ठेवा, नाहीतर उन्हानं तापून पोरं पापडासारखी भाजून निघतील. समोरचे निवृत्त ड्रॉइंग मास्तर कोनमापक घेऊन आले आणि घसरगुंडीच्या उताराबद्दल इतकं बोलले की चिटणीसबाईंना बसल्या जागी घसरल्यासारखं वाटायला लागलं. मोठ्या नणंदेनं फोनवर सांगितलं, "घसरगुंडी कशाला? झोपाळा करा, झोपाळ्यावर मोठ्यांनाही बसता येतं." आणि न्हाव्यानं यजमानांना अर्धी दाढी करून ताटकळत ठेवून सांगितलं, की त्याच्या मेव्हण्याच्या गावात अशीच घसरगुंडी केली होती आणि तिच्यावर आता बकऱ्या चढतात.

या सगळ्या गडबडीत खरी मेख कुणाच्या लक्षात आली नाही. मापं ठरली होती, तिन्ही क्लबांनी माना डोलावल्या होत्या. पण क्लब सेवाभावी होते ना! ठरल्याइतकंच करायचं म्हणजे कसं दिसेल? घंटावाल्यांच्या अध्यक्षांनी वेल्डरला हळूच सांगितलं, "शिडी जरा उंच घे बाबा. पुलापलीकडचे चिकट आहेत असं व्हायला नको." वखारवाल्यांनी आपल्या माणसाला सांगितलं, "पत्रा ऐसपैस होऊ दे. जाकिटाची अब्रू आहे." आणि चिटणीसबाई? त्यांनीही तेच केलं. खड्डा खणणाऱ्या गड्याला त्या म्हणाल्या, "आम्ही बायका म्हणून कमी केलं असं म्हणतील हो. घ्या अजून थोडा मोठा." तो गडीही दिलदार निघाला. संध्याकाळी मोठ्या बाई मैदानात आल्या तेव्हा मैदान उरलंच नव्हतं. नुसता खड्डा होता, आणि त्याच्या काठाकाठानं शाळा.

"अहो चिटणीसबाई," मोठ्या बाई म्हणाल्या, "मुलांना सकाळी रांगेत कुठे उभं करू?"

"खड्ड्यात करा," चिटणीसबाई म्हणाल्या, आणि हे किती वाईट ऐकू आलं ते त्यांना घरी गेल्यावर कळलं.

जोडणीच्या दिवशी तिन्ही क्लब हजर झाले. घंटा वाजली. शिडी उभी राहिली. तिची शेवटची पायरी शाळेच्या खिडकीच्या वर गेली. मग पत्रा आला. तो शिडीला टेकवला तर शिडीच्या कमरेशी थांबला. म्हणजे वर चढलेल्या मुलाला आधी पत्र्यापर्यंत उडी मारावी लागणार आणि मग घसरावं लागणार.

"शिडी कापा," वखारवाले म्हणाले.

"आमची सेवा कापता?" औषधवाले म्हणाले. "तुमचा पत्रा उचला."

"उचलतो! न उचलायला काय झालं!"

आणि त्यांनी खरोखरच उचलला. पत्र्याखाली वखारीतले ओंडके रचले, ते पुरेनात म्हणून लोखंडी पाय लावले. शेवटी पत्र्याचं वरचं टोक शिडीला भिडलं. खालचं टोक मात्र थेट वखारवाल्यांच्या छातीपाशी येऊन संपलं.

"इथून पुढे काय?" चिटणीसबाईंनी विचारलं.

"इथून पुढे तुमची वाळू," वखारवाले गंभीरपणे म्हणाले.

मधली सुट्टी झाली. मॉनिटर आपला वर्ग घेऊन आली, त्या अजस्र वस्तूभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "काकू, ही जिराफांसाठी आहे का?"

चिटणीसबाईंचा चेहरा असा झाला की वखारवाल्यांनी पहिल्यांदाच जाकिटाचं बटण काढलं आणि खालच्या टोकाला आणखी एक पत्रा जोडून द्यायचं कबूल केलं. तो जोडला. आता ती घसरगुंडी खड्डाभर पसरली, उंच झाली आणि बघण्यासारखी झाली. इतकी बघण्यासारखी, की नगरपालिकेच्या बांधकाम खात्यातल्या कारकुनांना ती त्यांच्या खुर्चीतून दिसली.

कारकून वाईट माणूस नव्हते. त्यांनी चिटणीसबाईंना खुर्ची दिली, चहा मागवला आणि मग सांगितलं, की माणसाच्या उंचीपेक्षा जे जे उंच, ते ते बांधकाम.

"अहो, घसरगुंडी आहे हो ती."

"असेल. पण बांधकाम आहे. खिडक्या किती?"

"घसरगुंडीला खिडक्या नसतात."

"मग हवा कुठून येते?"

"सगळीकडून!"

कारकुनांनी मान हलवली. "जिना दाखवलाय, पण जिन्यानं वर गेल्यावर खोली नाही. असा नकाशा मंजूर होत नाही, बाई. वर निदान एक खोली काढा."

चिटणीसबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते या माणसासमोर काढायचं नाही असं त्यांनी ठरवलं. "चौथीची मुलं चाललीत हो शाळेतून. मी शब्द दिलाय."

कारकून विरघळले. दार लोटून घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "असं करा. फर्निचर म्हणून दाखवा. कपाटाला कुठे परवानगी लागते? फक्त एक आहे. फर्निचर हलवता आलं पाहिजे. मी येऊन हलवून बघणार."

ते खरोखरच आले, उद्घाटनाच्या आदल्या दिवशी. बाह्या सरसावल्या आणि घसरगुंडीला खांदा लावला. ती हलली नाही. वखारीचे ओंडके आणि पुलापलीकडचं लोखंड, हलणार कुठून? तिन्ही क्लबांनी धक्का दिला, तरी नाही. वखारवाल्यांना तर त्या मजबुतीचा इतका अभिमान वाटला की ते ओरडले, "बघा! आहे का टाप हलायची!" आणि खेळ तिथेच संपला. कारकुनांनी उसासा सोडला, खिशातून सुतळी काढली, शिडीभोवती गुंडाळली आणि गाठीवर लाल मोहोर उठवली. परवानगी येईपर्यंत वापर बंद.

"परवानगी कधी येईल?" चिटणीसबाईंनी विचारलं. आपला आवाज अगदी मॉनिटरसारखा आलाय, हे त्यांचं त्यांनाच जाणवलं.

"लवकरच," कारकून म्हणाले.

उद्घाटन मात्र पुढे ढकलणं शक्य नव्हतं. सगळ्या विभागातल्या क्लबांचे मुख्य, ज्यांना सगळे नुसते 'प्रमुखसाहेब' म्हणत, ते यायचे होते. तेव्हा असं ठरलं की घसरगुंडीचं उद्घाटन करायचं, फीत कापायची, फोटो काढायचा. घसरायचं तेवढं राहू द्यायचं. मुलांसाठी केलेल्या कामात मुलं तेवढी वगळायची, यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही, इतके सगळे दमले होते.

राहता राहिली पाटी. तिची कथा निराळीच. कुणाचं नाव कुणाच्या आधी घ्यायचं यावरून दोन सभा मोडल्या होत्या. शेजारी शेजारी लिहावीत तर डावीकडचा मोठा ठरतो. म्हणून असं ठरलं की सगळी नावं एकाखाली एक लिहायची, एक घंटावाला, एक जाकीटवाला, एक गुरुवारवाली, पुन्हा एक घंटावाला, अशी वेणी घालायची. आणि सगळे सभासद घ्यायचे, कुणाचं मन मोडायचं नाही. त्यामुळे पाटी रुंदीला बेताची आणि लांबीला अफाट झाली. पेंटरनं पत्र्याला पत्रा जोडला, पाठीला फळ्या ठोकल्या, दोन्ही कडांना लाकडाची पट्टी मारली, वर निळ्या ऑइलपेंटचे तीन हात दिले. आरशासारखी गुळगुळीत! सगळ्यात वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'बालकांच्या सेवेत'. नावं सांगायला चिटणीसबाईच बसल्या होत्या. त्यांनी सगळ्यांची नावं नीट सांगितली, स्वतःचं शेवटी सांगायचं म्हणून मागे ठेवलं, आणि नेमका तेव्हाच पेंटर म्हणाला, "संपलं बघा. खाली बोटभर जागा उरलीय, ती तशीच राहू दे, बरी दिसते."

चिटणीसबाई म्हणाल्या, "हो, बरी दिसते."

घरी आल्यावर त्यांनी यजमानांना हे सांगितलं ते उगाच, बोलता बोलता, कपडे घडी करताना. यजमान पेपर वाचत होते. "हं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी शाळेत आली. ती उभी करावी एवढी भिंत शाळेला नव्हती. म्हणून हमालांनी तिचं वरचं टोक व्हरांड्याच्या कट्ट्यावर टेकवलं आणि खालचं टोक चिटणीसबाईंच्या खड्ड्यातल्या मऊ वाळूवर ठेवून दिलं. तिरकी, ऐटदार, दोन्ही बाजूंना पट्ट्या. सगळ्यांनी बघितली. बोध कुणालाच झाला नाही.

समारंभ सुरू झाला. घंटा, गुच्छ, मग पुन्हा घंटा. जाकीटवाले उन्हात निथळत होते. चौथीचा वर्ग खड्ड्याच्या काठाला रांगेत उभा होता. शाळेतला त्यांचा तो शेवटचा दिवस. मॉनिटर सुतळी बांधलेल्या शिडीकडे बघत होती. चिटणीसबाई पाण्याचे पेले फिरवताना तिच्यापाशी पोचल्या.

"काकू," ती हळू म्हणाली. तिला हळू बोलता येतं हे चिटणीसबाईंना तोवर माहीत नव्हतं. "ही नुसती बघायची घसरगुंडी आहे का?"

चिटणीसबाईंनी ट्रेमधला एक पेला तिच्यापुढे केला. काय सांगणार? जिना आहे पण खोली नाही, हे सांगणार? "मी... अगं..." म्हणेपर्यंत फीत कापली गेली, टाळ्या झाल्या आणि प्रमुखसाहेब बोलायला उभे राहिले.

प्रमुखसाहेबांचं भाषण लांब होतं. तीन क्लबांनी एकत्र येऊन काय साधलं, हे ते सांगत होते. "मित्रहो, आज या मैदानात मला काय दिसतं?" त्यांनी विचारलं, आणि उत्तरासाठी हात पुढे केला.

त्या हाताच्या दिशेनं सगळ्यांनी बघितलं. व्हरांड्याच्या कट्ट्यावर, 'बालकांच्या सेवेत' या अक्षरांवर, मॉनिटर बसली होती. पाय पाटीवर सोडलेले, दोन्ही हातांनी कडेच्या पट्ट्या धरलेल्या. तिच्यामागे सगळी चौथी, शिस्तीत, रांगेनं.

"पाटी!" वखारवाले गरजले. "अरे, पाटी! आमची नावं आहेत त्याच्यावर!"

"नावांवर बसतायत!" औषधवाले म्हणाले, घंटेशिवाय, आयुष्यात पहिल्यांदा. "चिटणीसबाई, तुम्ही जवळ आहात, थांबवा त्यांना!"

चिटणीसबाई ट्रे टाकून धावल्या. वाळूत पाय रुतत होते, चप्पल एकीकडे राहिली, पर्स दुसरीकडे. पाटीच्या पायथ्याशी त्या पोचल्या, हात वर केला, "थां" म्हणाल्या आणि गप्प झाल्या.

पाटीच्या अगदी तळाशी, त्या बोटभर जागेत, लालभडक रंगात त्यांचं नाव होतं. त्यांचं स्वतःचं, पूर्ण नाव. वरच्या सगळ्या नावांपेक्षा ठसठशीत. अक्षरं ओली होती, उन्हात चमचमत होती.

त्यांनी मागे वळून पाहिलं. गर्दीच्या कडेला यजमान उभे होते आणि आकाशात काहीतरी शोधत होते. त्यांच्या बाहीला लाल डाग होता. शेजारी पेंटर उभा होता आणि "दहा मिनिटांत वाळतो म्हणालो होतो ना, ऊन आहे," असं कुणी न विचारता सांगत होता.

मागे सगळे ओरडत होते. थांबवा, उतरवा, धरा. वर मॉनिटर वाट बघत होती. तिनं कुणाचंही ऐकलं नव्हतं, पण एक मात्र होतं, विचारल्याशिवाय ती निघालीही नव्हती.

"काकू, येऊ का?"

चिटणीसबाईंनी एकदा आपल्या नावाकडे नीट बघून घेतलं. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. मग त्या वाळूत गुडघ्यांवर बसल्या आणि दोन्ही हात पसरले.

"ये! पाय सरळ ठेव!"

सर्रर्र करत ती आली. तीन गावांच्या अध्यक्षांवरून, उपाध्यक्षांवरून, खजिनदारांवरून ती अशी काही आली की तिच्या वेण्या मागे आडव्या झाल्या होत्या. लाल नावावरून गेली आणि चिटणीसबाईंना घेऊन वाळूत कोलमडली. दोघी उताण्या. आधी कुणाला हसू फुटलं ते सांगता येणार नाही.

मग कोण थांबतंय! चौथी आली, तिसरी आली, दुसरी आणि पहिली आली. 'पुढच्यानं उठल्याशिवाय मागच्यानं निघायचं नाही' असा हुकूम सोडून मॉनिटरनं औषधवाल्यांच्या हातातली घंटा घेतली आणि एकेकाला घंटा वाजवून सोडायला लागली. औषधवाले बघतच राहिले. "अहो, किती शिस्तीत चाललंय," ते म्हणाले, "आमच्या सभासुद्धा अशा होत नाहीत." मोठ्या बाई चष्मा काढून पर्समध्ये ठेवताना दिसल्या, त्या का ठेवतायत हे कळेपर्यंत त्या खाली पोचल्या होत्या. प्रमुखसाहेबांनी भाषणाचा कागद खिशात घातला. "पाटी पेलेल ना माझं वजन?" त्यांनी विचारलं. "जाकीटवाल्यांच्या वखारीच्या फळ्या आहेत साहेब!" वखारवाले छाती काढून म्हणाले आणि त्यांच्या पाठोपाठ स्वतःही बसले. जाकिटाचं कापड गुळगुळीत असल्यामुळे ते सगळ्यांत लांब गेले. पार खड्ड्याच्या पलीकडच्या काठापर्यंत. खड्डा एवढा मोठा का खणला, हे त्या दिवशी सगळ्यांना पटलं.

या गदारोळात बांधकाम खात्यातले कारकून दारात येऊन उभे राहिले. सगळे जागच्या जागी थिजले. प्रमुखसाहेब तर अर्ध्या उतारावर पट्ट्या धरून थांबले. कारकुनांनी आधी शिडीवरची मोहोर तपासली. शाबूत होती. मग ते पाटीकडे वळले.

"हे काय?"

"पाटी आहे," चिटणीसबाई म्हणाल्या. केसांत वाळू, पायात चप्पल नाही, पण आवाज ठाम.

"आडवी का?"

"आडवी नाही. तिरकी आहे. वाचायला बरी पडते."

कारकुनांनी ती वरून खाली वाचली. प्रमुखसाहेबांच्या आडून जेवढी वाचता आली तेवढी. "पाट्या आमच्या खात्यात येत नाहीत," ते म्हणाले. जायला निघाले, दोन पावलं गेले, परत आले आणि पायातले बूट काढून रांगेत उभे राहिले.

संध्याकाळी चिटणीसबाई स्वयंपाकघरात वाळू झाडत होत्या. ओट्यावर वाळू, केसांत वाळू. यजमान चहाचा कप घेऊन दारात उभे होते.

"तुझं नाव घटकाभर तरी टिकायला हवं होतं गं," ते म्हणाले. "मी पेंटरला सांगितलं होतं, चांगला घट्ट रंग लाव म्हणून."

"बघितलं ना मी. पुरे झालं."

तेवढ्यात दार वाजलं. मॉनिटरची आई होती, हातात ओला फ्रॉक. शाळेचा पांढरा. मागे मॉनिटर, आणि तिचा हात धरून तिची धाकटी बहीण.

"काय करू सांगा, काकू. साबण झाला, रॉकेल झालं, टर्पेंटाइन झालं. हात सोलवटले माझे. पण तुमचं नाव काही निघत नाही!"

चिटणीसबाईंनी फ्रॉक हातात घेतला. मागच्या बाजूला, बरोब्बर बसायच्या जागी, लाल अक्षरांची रांग होती. उलटी उमटलेली, पण एक काना-मात्रा हलली नव्हती.

"मी नवीन शिवून देते," त्या ओशाळून म्हणाल्या.

"नको!" मॉनिटर म्हणाली. "मला आता लागत नाही, मी मोठ्या शाळेत चालले. हिला हाच पाहिजे."

धाकटीनं मान डोलावली. जोरजोरात.

चिटणीसबाई फ्रॉक घेऊन आतल्या खोलीत गेल्या. कपाटाच्या आरशासमोर त्यांनी तो दोन्ही हातांनी उंच धरला आणि सुलट झालेलं आपलं नाव सावकाश, मोठ्यानं वाचलं. बाहेर यजमान चहा पिता पिता थांबले.

पुढे पाटी तिथेच राहिली. सुतळी बांधलेल्या घसरगुंडीवर तेवढी कबुतरं बसत. उन्हापावसानं आणि शाळेच्या बसण्यानं पाटीवरची नावं एकेक करून झिजत गेली. आधी खजिनदार गेले, मग उपाध्यक्ष, शेवटी वखारवाले आणि औषधवालेही गेले आणि नुसता निळा पत्रा उरला. पण रोज मधल्या सुट्टीत चिटणीसबाई खिडकीशी येऊन उभ्या राहत. खाली रांगेत त्यांचं नाव उभं असे. कट्ट्यावर चढे, हात हलवून "काकूऽऽ" म्हणे आणि सर्रकन खाली येई. वाळूत लोळे आणि पुन्हा रांगेत पळे.

त्या घरात दूध रोज उतू जायचं. यजमानांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.